शिगेचा पैला

२०१० च्या डिसेंबर महिन्यात माझ्या टेबलावर एक पातळशी नस्ती आली. त्या वेळी मी झारखंडमधील एका जिल्ह्यात उपायुक्त होतो. महाराष्ट्रात ज्या पदाला जिल्हाधिकारी म्हणतात, त्याच पदाचे हे तिकडचे नाव. नस्ती मध्यान्ह भोजन योजनेची होती. एका प्राथमिक शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईने वर्षभरात ४०३ किलो तांदळाचा अपहार केल्याचे तपासणी पथकाने सिद्ध केले होते. त्याची किंमत किलोला १६ रुपये या दराने ६,४५१ रुपये होत होती, आणि ती तिच्या मानधनातून दरमहा ५०० रुपयांप्रमाणे वसूल करावी असा प्रस्ताव होता. हिशेब नीट मांडलेला होता, आकडे जुळत होते, खालच्या तिन्ही अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. मी "मान्य" असे लिहून सही केली. त्या दिवशी माझ्यापुढे अशा सुमारे चाळीस नस्त्या असतील. या नस्तीवर मी दोन मिनिटेही खर्च केली नसावीत.

त्या दोन मिनिटांविषयी हा लेख आहे.

मध्यान्ह भोजनाची पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू केली, पण अनेक राज्यांत सुरुवातीची काही वर्षे मुलांना शिजवलेले अन्न न देता दरमहा तीन किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की धान्य नको, शिजवलेले जेवण द्या. त्यानंतर खऱ्या अर्थाने शाळाशाळांतून चुली पेटल्या. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरले. वरच्या इयत्तांसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलले, तरी विचार करण्याची पद्धत तीच राहिली. दिल्लीहून निघणारा प्रत्येक कागद ग्रॅममध्ये बोलतो.

शाळेच्या चुलीपाशी मात्र ग्रॅम कोणी पाहिलेला नसतो. तिथे असते एक भांडे. झारखंडमध्ये त्याला पैला म्हणतात. हे धान्य मोजण्याचे वाटोळे, रुंद तोंडाचे, वाडग्यासारखे माप असते. आपल्याकडच्या पायली-अधोली-मापटे-चिपटे या कुटुंबातला हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

दोन हप्ते कापले गेल्यावर, म्हणजे २०११ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस, त्या बाई जनता दरबारात आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने काटक. हातात गमछ्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. त्यांनी अर्ज आणला नव्हता. अर्ज लिहून देणारे बाहेर बसलेले असतात, ते वीस रुपये मागतात, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "दीदी, अर्ज राहू द्या, काय झाले ते सांगा." त्यांनी गमछा सोडला आणि आतला पैला माझ्या टेबलावर ठेवला. काठ झिजलेला, तळाशी एक डागणी दिलेला.

"हुजूर, साहेब लोकांनी याला तोलले," त्या म्हणाल्या. "पण मी मोजते तसे तोलले नाही."

त्यांचे म्हणणे त्यांच्या सादरी-मिश्रित हिंदीतून नीट समजायला मला वेळ लागला. शाळेत सरासरी ऐंशी मुले जेवत. त्या रोज आठ पैले तांदूळ शिजवत. नोंदवहीत मास्तर रोज आठ किलो लिहीत. तपासणी पथकाने विचारले, रोज किती पैले? बाईंनी खरे ते सांगितले, आठ. पथकाने पैला मागवला, त्यात तांदूळ भरला, वरून हात फिरवून सपाट केला आणि तोलला. वजन भरले ७६० ग्रॅम. आठ पैल्यांचे झाले ६ किलो ८० ग्रॅम. नोंदवहीत आठ किलो. म्हणजे रोज १ किलो ९२० ग्रॅम गायब. शाळेचे २१० दिवस. गुणाकार केला की ४०३ किलो येतात. गोदामातील साठा नोंदवहीशी जुळत होता, याचा अर्थ पथकाने असा लावला की उरलेला तांदूळ शाळेबाहेर गेला आहे. तर्काच्या दृष्टीने यात काहीही चूक नव्हती. चूक फक्त हात फिरवण्यात होती.

बाई पैला शीग लावून भरत.

शीग हा शब्द आता आपल्या बोलण्यात "उत्साह शिगेला पोचला" एवढ्यापुरताच उरला आहे. त्याचा मूळ अर्थ मापाच्या काठावर चढवलेली धान्याची रास. माझ्या आजोळी खळ्यावर बलुतेदारांना धान्य देताना शिगेचे माप की सपाट माप यावरून होणारे वाद मी लहानपणी ऐकले आहेत. देणारा सपाट देऊ पाहतो, घेणारा शीग मागतो. "मापात पाप" ही म्हण तागडीइतकीच या मापट्याविषयीही असावी, असे मला वाटते. त्या बाईंना पहिल्या वर्षी तेव्हाच्या मास्तरांनी सांगितले होते की शिगेचा पैला म्हणजे एक किलो. तेव्हापासून त्या दहा मुलांमागे एक शिगेचा पैला घेत आल्या होत्या.

मी माप-तौल निरीक्षकांना काटा घेऊन बोलावले. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले, अतिशय शांत. बाजारातून दोन किलो तांदूळ आणवला. बाईंनी स्वतः पैला भरला. त्यांची भरण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. पैला राशीत खुपसून वर उचलायचा नाही. तो स्थिर ठेवून ओंजळीने वर धान्य सोडायचे, चहूबाजूंनी ओघळू लागले की थांबायचे. पहिले वजन ९७० ग्रॅम. दुसरे ९९०. निरीक्षकांनी दहा वेळा भरून घेतले. सर्वांत कमी ९४०, सर्वांत जास्त १,०१०, सरासरी ९८०. मग त्यांनी सपाट करून तोलले, ते ७६० च भरले. म्हणजे पथकाचा काटा खोटा नव्हता आणि बाईही खोट्या नव्हत्या.

नुसत्या शिगेमुळे वजनात २२० ग्रॅमचा फरक पडतो हे माझ्या मनाला पटेना. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. पैला साधारण अर्धगोलाच्या आकाराचा धरला आणि तांदळाची शीग आपोआप ज्या उताराने उभी राहते तो तीस-पस्तीस अंशांचा धरला, तर वरच्या शंकूचे घनफळ खालच्या भांड्याच्या जवळजवळ तृतीयांश येते. शाळेत शिकलेले घनफळाचे सूत्र तीस वर्षांनी प्रथमच सरकारी कामाला आले. भांडे उंच आणि अरुंद असते तर हीच शीग नगण्य ठरली असती. डब्याने मोजणाऱ्या शाळेत पथकाची पद्धत चालून गेली असती. रुंद तोंडाच्या पैल्याने मोजणाऱ्या शाळेत तीच पद्धत माणसाला चोर ठरवते.

सपाट मापाचा आग्रह हा तसा अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली बोस्टनच्या पाकशाळेचे जे पुस्तक लिहिले, त्यात कप आणि चमचा सुरीने सपाट करूनच मोजावा हा नियम त्यांनी ठामपणे मांडला, आणि तिकडच्या स्वयंपाकघरांना त्याने शिस्त लावली. आपल्याकडे मात्र सपाट माप हे कंजूषपणाचे लक्षण. केरळात मंगल प्रसंगी धानाने परा भरतात, तो ओसंडून वाहिला पाहिजे. आपल्याकडे नवी सून उंबऱ्यावरचे माप ओलांडते, त्यातले तांदूळ घरात सांडले पाहिजेत. त्या मापावर सुरी फिरवून ते सपाट केल्याची कल्पना करून पाहा.

दोन दिवसांनी मी त्या शाळेत गेलो. आधी कळवले नव्हते. तिथे मला बाईंचा दुसरा पुरावा समजला, आणि तो तपासणी पथकाच्या अहवालापेक्षा कितीतरी भक्कम होता. त्या म्हणाल्या, "गोणीतून पन्नास पैले निघतात. कधी एकोणपन्नास." तांदळाची गोणी ५० किलोची. त्या सपाट पैल्याने शिजवत असत्या, तर एका गोणीतून पासष्ट पैले निघाले असते. हा हिशेब त्या कोठीच्या भिंतीवर कोळशाने करत. एक पैला म्हणजे एक रेघ, दहा झाल्या की आडवी रेघ. वर्षभराच्या रेघा तिथे होत्या. "होत्या" असे म्हणतो, कारण तपासणी पथक येणार म्हणून आदल्या दिवशी मास्तरांनी भिंतीला चुना मारून घेतला होता. आपल्या कार्यालयांतून साहेब येण्यापूर्वी काय काय पांढरे केले जाते याचा मी पूर्वीही विचार केला होता, पण पुरावाच पांढरा झाल्याचे हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

आम्ही नवी गोणी उघडली. आधी ती जशीच्या तशी तोलली, मग रिकामे पोते तोलून ते वजा केले. तांदूळ भरला ४८ किलो ६०० ग्रॅम. बाईंनी मोजायला सुरुवात केली. एकोणपन्नास पैले आणि वर अर्धा. सरासरी ९८० ग्रॅमने हिशेब केला तर साडेअठ्ठेचाळीस किलो होतात. शंभर ग्रॅमचा फरक. ज्या बाईंना गुणाकार येत नव्हता त्यांचे माप आमच्या काट्याच्या इतके जवळ होते.

मग साहजिकच प्रश्न आला की उरलेले १ किलो ४०० ग्रॅम कुठे गेले. त्याकडे नंतर येतो.

या प्रकरणाने मला माझ्या पहिल्या नेमणुकीची आठवण झाली. मसुरीचे प्रशिक्षण संपवून मी पहिल्यांदा एकटा राहायला लागलो, तेव्हा आईने वहीच्या चार पानांवर मला रोजचे पदार्थ लिहून दिले होते. एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अडीच वाट्या पाणी. कमलाबाई ओगले यांच्या "रुचिरा"ने १९७० पासून महाराष्ट्राच्या घराघरांत वाटी-चमच्याची जी भाषा रुजवली, तीच ही भाषा. मी तिथल्या बाजारातून वाट्या विकत आणल्या. शिरा उत्तम झाला. आईची वाटी वेगळी, माझी वेगळी, तरी बिघडले काहीच नाही, कारण तिथे वाटीचे वाटीशी असलेले नाते महत्त्वाचे होते, आकार नव्हे. पण एकदा घरी आठ पाहुणे यायचे होते आणि मी किराणा दुकानातून सामान मागवायला गेलो. दुकानदार किलोत बोलत होता, माझी वही वाट्यांत. मी सरळ पाव किलो म्हणजे एक वाटी धरून सर्व जिन्नस आणले. रवा बरोबर आला. पोहे इतके आले की पुढचे पंधरा दिवस ते संपेनात. मीठ चिमटीने घालायचे होते म्हणून वाचलो.

सांगायचा मुद्दा असा की स्वयंपाक आपल्या घरात राहतो तोवर वजनाची गरज पडत नाही. तो घराबाहेर पडला, दुकानाशी किंवा शासनाशी त्याचा संबंध आला, की गरज पडते. जेव्हा मध्यान्ह भोजनात माणशी १०० ग्रॅम असे लिहिले जाते, तेव्हा चुलीवरच्या नात्याच्या भाषेतून दिल्लीच्या निरपेक्ष भाषेत कोणीतरी भाषांतर करावे लागते. हे भाषांतर कोणी करावे याविषयी एकाही परिपत्रकात एक ओळ मला सापडली नाही. ते काम, कोणी न सांगता, प्रत्येक शाळेतील सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीवर पडले होते.

जुन्या काळी ही अडचण लोकांना ठाऊक होती. मराठीत कैली शेर आणि वजनी शेर असे दोन शब्दच होते; धान्य कैली मापाने, गूळ-तूप वजनी मापाने. इंग्रजी अमदानीत १८३३ मध्ये तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरले, त्यावरून ८० तोळ्यांचा शेर आजच्या ९३३ ग्रॅमच्या आसपास आला. पण कैली माप गावोगाव वेगळेच राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने बाद झाली. कायद्याने शेर गेला, मनातून गेला नाही. १९६७ च्या निवडणुकीत मद्रास राज्यात अण्णादुराई यांच्या पक्षाने रुपयाला तीन पडी तांदूळ देण्याचे वचन दिले होते. पडी हे कैली माप. दशमान वजने सक्तीची होऊन पाच वर्षे झाली होती, तरी मतदाराशी बोलताना किलो हा शब्द कोणालाही सुचला नाही. सत्तेवर आल्यावर मद्रास आणि कोइमतूर शहरांत रुपयाला एक पडी देणे सुरू झाले, तेव्हा शिधावाटपाच्या अधिकाऱ्यांनी पडीचे किलो करताना काय काय सहन केले असेल, याची मला आता चांगली कल्पना येते.

बाईंच्या प्रकरणानंतर आम्ही एका शनिवारी माझ्याच कार्यालयाच्या व्हरांड्यात एक प्रयोग केला. माप-तौल निरीक्षकांकडे एक लिटरचे प्रमाणित माप होते. शाळांत वापरले जाणारे सर्व जिन्नस आणून ते माप सपाट भरायचे आणि तोलायचे. तांदूळ वाणाप्रमाणे आणि सुकेपणाप्रमाणे ७८० पासून ८५० ग्रॅमपर्यंत भरला. मसूर डाळ साधारण त्याच घरातली. बारीक मीठ लिटरला सुमारे १,२०० ग्रॅम. गव्हाचे पीठ सैल भरले तर ५०० च्या आसपास, आणि माप जमिनीवर दोनदा आपटून भरले तर ६०० च्या वर. सोयाबीनच्या वड्या पाव किलोच्या आसपास. म्हणजे एकाच भांड्यात मीठ आणि वड्या यांच्यात पाचपट फरक. माझ्या लेखाधिकाऱ्यांनी हे आकडे पाहून प्रामाणिकपणे विचारले, "सर, पण लिटर म्हणजे किलोच ना?" पाण्यापुरते ते खरे आहे. आपण सर्वांनी शाळेत ते पाण्यावरून शिकतो आणि जन्मभर सगळ्यालाच लावतो.

याच गैरसमजुतीचा दुसरा बळी तेल होते, आणि ते प्रकरण एका शाळेपुरते नव्हते. प्रमाण ५ ग्रॅमचे, खरेदी लिटरच्या पिशवीची. एक लिटर तेल भरते सुमारे ९१० ग्रॅम. त्यात २०० नव्हे, १८२ मुलांचे तेल असते. ऐंशी मुलांच्या शाळेला महिन्याच्या २४ दिवसांत ९,६०० ग्रॅम तेल लागते, म्हणजे साडेदहा लिटर. लेखापरीक्षक धरत साडेनऊ लिटर आणि थोडे वर. दर महिन्याला शाळेमागे जवळजवळ एक लिटर तेल "जादा खर्च" म्हणून आक्षेपात येत होते. जिल्ह्यातील कित्येक मुख्याध्यापक हा आक्षेप टाळण्यासाठी तेल कमी घालत, असे मला नंतर कळले. म्हणजे आमच्या अंकगणितातील चूक अखेर मुलांच्या ताटात उतरली होती.

तेलाचे वजन तापमानानेही बदलते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना पिशवीवर तापमानाचा उल्लेख न करता घनफळ आणि वजन दोन्ही छापण्याची सूचना केली, कारण काही उत्पादक ६० अंश तापमानाचे घनफळ लिहीत. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. ही बातमी वाचताना मला तो व्हरांडा आठवला. ग्रॅम आणि लिटर यांच्यामधली फट मोठमोठ्यांना फार पूर्वीच सापडली होती. अडकत होत्या त्या स्वयंपाकिणी.

उपाय काय करायचा यावर बैठक झाली. पहिली सूचना प्रत्येक शाळेला काटा देण्याची. ती मी सुरुवातीला उचलून धरली होती. पण बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काट्यावर तोलायला बसले तर चूल कोण पाहील?" दोन चुली, ऐंशी मुले, साडेबाराची वेळ. शिवाय काटा मास्तरांच्या कपाटात कुलपात राहणार हेही सर्वांना ठाऊक होते. दुसरी सूचना सर्व शाळांना एकसारखे स्टीलचे मग देण्याची. ती खरेदीच्या निविदेत अडकणार हे दिसत होते, आणि मगसुद्धा सपाट भरायचा की शिगेचा हा प्रश्न शिल्लक राहतोच.

शेवटी ठरले ते असे. पैला बदलायचा नाही. प्रत्येक शाळेने आपला पैला, आपल्या स्वयंपाकिणीच्या हाताने, आपल्या कोठीतील तांदळाने भरून वर्षातून दोनदा आणि नवा साठा वेगळ्या प्रकारचा आला तर तेव्हाही, संकुलाच्या काट्यावर दहा वेळा तोलायचा, आणि सरासरी कोठीच्या भिंतीवर रंगाने लिहायची. त्या शाळेत आजही असेल तर असे वाक्य आहे: "या शाळेचा पैला: शिगेचा ९८० ग्रॅम, सपाट ७६० ग्रॅम." तपासणीला येणाऱ्याने आधी भिंत वाचावी, मग प्रश्न विचारावा. तेल लिटरमध्ये घेतले तरी नोंद ग्रॅममध्ये करावी आणि लिटरला ९१० हा गुणक वापरावा, असा एक वेगळा आदेश काढला.

लेखा शाखेने हरकत घेतली की पैला हे कायदेशीर एककच नाही, त्याचा उल्लेख सरकारी भिंतीवर कसा करता येईल. योगायोगाने त्याच सुमारास, १ एप्रिल २०११ पासून, वैध मापनशास्त्राचा नवा कायदा लागू होत होता. माझ्या त्या शांत निरीक्षकांनी चार ओळींची टिप्पणी लिहिली. कायदा देवघेवीच्या व्यवहाराला लागू होतो. शाळेतील बाई मुलांना तांदूळ विकत नाहीत, तेव्हा त्या हव्या त्या भांड्याने मोजू शकतात. शासनाने फक्त त्या भांड्याचे वजन ठाऊक करून घ्यावे. माझ्या नोकरीत वाचलेल्या उत्तम टिप्पणींपैकी ही एक.

हा उपाय किती टिकला हेही सांगितले पाहिजे. मी होतो तोवर जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक शाळांच्या भिंतींवर ते वाक्य आले. काही ठिकाणी मास्तरांनी न तोलताच शेजारच्या शाळेचे आकडे उतरवून घेतले. एका संकुलात सोळा शाळांचे सोळा पैले अगदी ग्रॅमपर्यंत सारखे निघाले. आणि अधूनमधून कोणी साहेब येणार असला की भिंतींना चुना लागतच होता.

बाईंची वसुली मी मार्च २०११ मध्ये रद्द केली. आदेशात मी स्वतःच्या डिसेंबरच्या मान्यतेचा उल्लेख करून ती पुरेशी तपासणी न करता दिली गेली असे लिहिले. माझ्या कार्यालय अधीक्षकांना ते वाक्य आवडले नाही. "सर, 'नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या आधारे' असे लिहू या," ते म्हणाले. माहिती नव्याने उपलब्ध झालेली नव्हती. पैला पहिल्या दिवसापासून शाळेत होता. मी वाक्य तसेच ठेवले.

कापलेले १,००० रुपये परत देणे मात्र आदेश काढण्याइतके सोपे निघाले नाही. वसूल झालेली रक्कम एका लेखाशीर्षात जमा झाली होती, आणि तिथून परत काढण्याची तरतूद त्या शीर्षात नव्हती. कोषागाराने दोनदा देयक परत पाठवले. एकदा बाईंच्या नावाचे स्पेलिंग बँक खात्याशी जुळले नाही. महिना हजार रुपये मानधन, तेही वर्षातून दहा महिने, त्यातले दोन महिन्यांचे निम्मे पैसे. ते त्यांना मिळायला चौदा महिने लागले. मे २०१२ मध्ये त्या पावतीवर सही करायला आल्या. सही करायला त्या मधल्या काळात शिकल्या होत्या.

निघताना दारापाशी थांबून त्यांनी विचारले, "हुजूर, ती गोणी तोलली होती ना आपण. त्यातला दीड किलो कमी होता. तो कोणाकडून वसूल केला?"

त्या प्रश्नावर काम सुरू होते, तेवढेच मी त्यांना सांगू शकलो. गोण्या साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर नग मोजून उतरवल्या जात, तोलून कोणीच घेत नसे. उचलताना लोखंडी हूक लागून पोती फाटत, उन्हाळ्यात तांदूळ सुकून हलका होई, आणि याखेरीजही काही होत असे. आम्ही तीन गोदामांतून शंभर गोण्या तोलल्या होत्या आणि बहुतेक ५० च्या खाली भरल्या होत्या. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने आपण मोजून तितक्याच गोण्या पुढे दिल्याची पावती दाखवली. सर्व पावत्या खऱ्या होत्या. माझी बदली झाली तेव्हा ती नस्ती बरीच जाड झाली होती आणि "चौकशी सुरू" या शेऱ्यावर उभी होती.